साडेसातची शीळ

१

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास जस्टस ब्योमुगाबीची मोटरबोट माझ्या दवाखान्याच्या धक्क्याला धडकली, तेव्हा बुन्योनी तळ्यावरचं धुकं नुकतं कुठे फाटू लागलं होतं. बोटीत ताडपत्रीखाली कोणीतरी आडवं होतं. एक पाय बाहेर आला होता, आणि त्या पायातला हिरवा गमबूट मी ओळखला.

"मुशाहो, धावा!" जस्टस ओरडला. "काही होतंय का बघा!"

काही होण्यासारखं नव्हतं. मी मोठा शिकलेला डॉक्टर नाही; पण अकरा वर्षं या काठावर जखमा शिवतोय, म्हणून लोक मला मुशाहो, म्हणजे डॉक्टरच म्हणतात. बुडालेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. एव्हारिस्ट तुर्यातुंगा त्यांच्यासारखा दिसत नव्हता.

एव्हारिस्ट म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात नावाजलेला वाटाड्या. परदेशी पाहुणे त्याचं नाव विचारत यायचे. पपायरसच्या, म्हणजे माणसापेक्षा उंच लव्हाळ्याच्या दलदलीत, जिथे समोरचा माणूस दिसत नाही, तिथे कुठला पक्षी कुठल्या दांड्यावर बसलाय हे तो डोळे मिटून सांगायचा. चालायला लागला त्याच वर्षी तो होडीत बसायला लागला होता. असा माणूस होडीतून पडून मरेल, हे काठावरचं शेंबडं पोरही मानणार नव्हतं.

मी त्याचं डोकं वळवलं. उजव्या कानामागे कवटी खचली होती.

दोनच दिवसांपूर्वी तो माझ्याकडे बोटातला काटा काढायला आला होता. "मुशाहो," तो म्हणाला होता, "यंदा क्रौंचांची अकरा पिल्लं गेली."

आमच्या दलदलीत तुरेवाले क्रौंच घरटी करतात. एव्हारिस्टला एकेक घरटं पाठ होतं.

"मुंगूस नेत असेल," मी म्हणालो.

"मुंगूस बूट घालत नाही. चिखलात ठसे आहेत. कोणीतरी जिवंत पिल्लं पकडून बाहेरच्या देशात पाठवतंय." त्याने आवाज खाली आणला. "गुरुवारी पहाटे जाऊन बसतो. मग येऊन तुम्हाला नावच सांगतो."

गुरुवार उजाडला होता. एव्हारिस्ट आलाही होता.

अर्ध्या तासात पोलीस चौकीवरच्या मेडियस कोमुहांगी आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, सगळा काठ त्यांना अफांदे, म्हणजे साहेब म्हणतो. त्यांची एक खोड होती. उत्तर मिळालं तरी त्या लगेच बोलायच्या नाहीत. मग समोरच्यालाच ती शांतता सोसायची नाही आणि तो आणखी काहीतरी बोलून जायचा.

"बुडाला?" त्यांनी मला विचारलं.

"आधी डोक्यात काहीतरी बसलं. मग पाण्यात गेला. मोटरबोटीच्या पंख्याच्या पात्याची जखम नाही ही. गोल आणि बोथट काहीतरी. वल्ह्याचा दांडा म्हणा."

"कधी?"

"पाणी थंड आहे, अफांदे. सहा ते आठच्या दरम्यान. यापेक्षा नेमकं सांगता येत नाही."

त्या जस्टसकडे वळल्या. "रविवारी चर्चबाहेर तू त्याला काय म्हणालास?"

जस्टसचा चेहरा पडला. "मान पिरगाळीन म्हणालो. रागात होतो, अफांदे. त्याने अर्ज करून दलदलीत माझी मोटर बंद करवली. पाहुणे गेले सगळे माझे."

अफांदे गप्प.

"बायको तर मला रोज म्हणते, मान पिरगाळीन! म्हणून काय ती..." तो घाईघाईने बोलत सुटला. "आणि साडेसातला तर तो जिवंत होता! त्याने शीळ घातली. एन्तूहा कॅम्पच्या व्हरांड्यात सगळ्यांनी ऐकली. मी स्वतः ऐकली."

"तू कुठे होतास तेव्हा?"

"तळ्यावर. दलदलीच्या तोंडाशी." आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "एकटा," तो हळूच म्हणाला.

२

एव्हारिस्टची शीळ साऱ्या काठाला ठाऊक होती. तीन चढते सूर, क्षणभर थांबणं, मग एक खाली घसरणारा सूर. रानात पाहुणे पांगले की तो याच शिळेने त्यांना गोळा करायचा, आणि सकाळी दलदलीतून परतताना याच शिळेने कॅम्पवर निरोप धाडायचा : आलो, चहा टाका.

एन्तूहा हा पाहुण्यांचा कॅम्प दलदलीपासून वल्हं मारत पाच मिनिटांवर; सकाळच्या शांततेत पाण्यावरून हाक सहज ऐकू यायची. तिथला सगळा कारभार डेऊस कबागांबेच्या हातात. पांढराशुभ्र शर्ट, मऊ बोलणं, रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत. बातमी ऐकून त्याचे डोळे सुजले होते.

"सातपासून मी पाहुण्यांबरोबर होतो, न्याबो," तो अफांदेंना म्हणाला; न्याबो म्हणजे बाईसाहेब. "साडेसातला शीळ आली. मीच पाहुण्यांना म्हटलं, ऐका, आमचा एव्हारिस्ट आला. आठ वाजले, साडेआठ वाजले, हा येईना. मीच जस्टसला फोन केला, बघून ये म्हणून." त्याने तोंडावर हात ठेवला. "कोणाला पाठवलं मी!"

"सातच्या आधी?"

"झोपलो होतो. गाणारा माणूस, गळा जपावा लागतो."

स्वयंपाकघरात पेर्पेतुआ मटोकेची केळी सोलत होती. ती रडत होती, बडबडत होती आणि सुरीही चालवत होती, तिन्ही एकदम.

"कुणाच्या अध्यात ना मध्यात तो, अफांदे! त्याच्यासाठी चहा उतू गेला आज. काय सकाळ उजाडली मेली! रेडिओसुद्धा ऐकू दिला नाही. मयतांची नावं सांगत होते, आमची मावससासू घटका मोजतेय, म्हणून कान लावून बसले होते. शीळ यायच्या जरा आधी आले डेऊससाहेब आणि पिळलं बटण. म्हणे पाहुण्यांना शांतता हवी. तीन वर्षांत कधी नको होती ती शांतता!"

"मावससासू कशी आहे?" अफांदेंनी विचारलं.

"आहे की. टुणटुणीत." पेर्पेतुआने नाक पुसलं. "गेला तो हा."

तंबूच्या रांगेत शेवटी सिग्रिड राहायची. तीन वर्षांपासून ती येत होती, पक्ष्यांचे आवाज टिपायला. आमची भाषा ती तोलून तोलून बोलायची.

"काल आमचं भांडण झालं. मी लपवत नाही," ती म्हणाली. "मला घरट्याजवळ मायक्रोफोन लावायचा होता. तो म्हणाला, तुझ्या यंत्रापेक्षा क्रौंच मोठा. मी त्याला अडाणी म्हटलं." "आता ते परत घेता येत नाही."

"सकाळी कुठे होतीस?"

"पलीकडच्या खाडीत. एकटी. कानावर हेडफोन होते. शीळ मी ऐकली नाही."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अफांदे, या बाईला साक्षीदार नाही, जस्टसला साक्षीदार नाही. डेऊस तर सातपासून पाहुण्यांत होता. मग उरलं कोण?"

तळ्यावर वारा सुटला होता. कडेचे पपायरसचे झुबके दोराने बांधलेल्या गुरांसारखे हिसके देत होते.

"एव्हारिस्टची होडी दाखवा मला," त्या म्हणाल्या.

३

ओंडका कोरून केलेली ती होडी दलदलीच्या तोंडाशी सरळ तरंगत होती. आत वल्हं होतं, भाकरीचं फडकं होतं आणि दुर्बीण होती, कातड्याच्या पिशवीत, पट्टा लावलेली.

अफांदे त्या पिशवीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"मुशाहो, पावणेसातला चांगलं दिसायला लागतं ना?"

"हो. धुकं असलं तरी."

"चोर धरायला बसलेला माणूस. साडेसातला हा जिवंत होता म्हणता, म्हणजे उजाडून पाऊण तास झाला होता. आणि पट्टासुद्धा सोडला नाही याने?"

मी म्हणालो, "पण शीळ तर..."

"शीळ सगळ्यांनी ऐकली. एव्हारिस्टला मात्र कोणीच पाहिलं नाही."

दलदलीला लागून एका टेकाडावर केतुरा आजीची झोपडी. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पण हात पपायरसची चटई विणत असायचे आणि कान सगळ्या तळ्यावर. आम्ही गेलो तेव्हा हात थांबलेले होते. चटई बाजूला सारून ती भिंतीला टेकून बसली होती.

"मुशाहो आलास का? बरं झालं. माझी वेळ झाली रे."

"काय दुखतंय, आजी?"

"दुखत काही नाही. बोलावणं आलं." तिने माझा हात घट्ट धरला. "आज सकाळी एव्हारिस्टने शीळ घातली ना, तेव्हा मागे माझ्या माहेरचा पक्षी ओरडला. तुराको. साठ वर्षांत इथे त्याचा आवाज ऐकला नाही मी. माझं माहेर वरच्या रानाच्या कडेचं. आई गेली तेव्हा तो असाच खरखरत होता. आज मला न्यायला आला."

मी तिची नाडी बघितली. माझ्यापेक्षा बरी चालली होती.

अफांदे मात्र पुढे वाकल्या होत्या. "आजी, शिळेच्या आधी ओरडला की नंतर?"

"मधेच. शीळ, मग तो, मग परत शीळ. तीनदा. तिन्ही वेळा अगदी एकसारखं. आणि एव्हारिस्ट जागचा हलला नाही. एरवी त्याची शीळ सरकत सरकत घराकडे जाते. आज एकाच जागी उभी होती."

टेकाड उतरताना अफांदे थांबल्या. भोवतीचे डोंगर त्यांनी पाहिले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बांध घातलेली शेतं, बटाटा, ज्वारी, घेवडा. रानातला तुराको बसावा असं एक झाड नव्हतं.

"मेलेल्या माणसाने शीळ घातली, मुशाहो," त्या म्हणाल्या. "आणि घालताना सोबत रान घेऊन आला."

४

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे एव्हारिस्टच्या अंगणात होतो. पुरणं दुपारी होतं. शेकोटीभोवती पुरुष, घरात बायका. एव्हारिस्टची बायको स्कोव्हिया दाराशी बसली होती. कालपासून ती एक शब्द बोलली नव्हती. तळ्यावर पुन्हा तसंच धुकं होतं, दुधासारखं दाट.

साडेसात वाजले.

खालून, धुक्यातून, शीळ आली. तीन चढते सूर. थोडं थांबणं. एक खाली घसरणारा.

अंगणातला सगळा आवाज एकदम मेला. कोणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. शीळ पुन्हा आली. आणि पुन्हा.

स्कोव्हिया उठून उभी राहिली. "चहा टाका," ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. मग बायकांनी तिला धरून आत नेलं.

तेवढ्यात शेकोटीजवळून कोणीतरी ओरडलं, "काल दलदलीतून आली होती! आज कुठून आली, ऐकलंत?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. शीळ दलदलीच्या उलट्या बाजूने आली होती. जस्टसच्या घराखालच्या धक्क्यावरून.

"एव्हारिस्ट बोट दाखवतोय!"

"खुनी कोण ते सांगतोय!"

पुढचं फार भरभर झालं. चाळीसेक माणसं कुदळी, काठ्या घेऊन उतारावरून धावली. कोणीतरी रॉकेलचा डबा उचलला. आम्ही पोचलो तेव्हा जस्टस दारात उभा होता, आणि त्याची बायको त्याच्या पुढे.

अफांदे गर्दीतून वाट काढत दाराशी गेल्या. त्यांच्याकडे बंदूक होती. त्यांनी तिला हात लावला नाही.

"याला मी पकडतेय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चौकीत बंद करतेय. कोणाला काही म्हणायचंय?"

"आमच्या ताब्यात द्या!" रॉकेलचा डबा धरलेला माणूस ओरडला.

"देते. पण आधी तुझं नाव सांग, फोस्तिन. सगळं नाव सांग. म्हणजे लिहून घेते की याला तू जाळलंस."

फोस्तिन मागे सरकला. काठ्या हळूहळू खाली आल्या. दोन शिपाई जस्टसला घेऊन गेले. जाताना तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत काय होतं ते सांगता येत नाही.

गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, "अफांदे, तुम्हालाही वाटतं की यानेच..."

"याला आज चौकीएवढी सुरक्षित जागा दुसरी नाही." त्या धक्क्याकडे बघत होत्या. "मुशाहो, इथे काल पाणी होतं ना?"

धक्क्याला पपायरसचा एक मोठा झुबका येऊन टेकला होता. मुळांच्या जाळ्यासकट तुटलेलं, खोलीएवढं तरंगतं बेट. वारा सुटला की अशी बेटं दलदलीपासून सुटतात आणि तळ्यावर भटकत राहतात.

"काल दुपारी वारा होता," मी सावकाश म्हणालो.

"आणि शीळ बेटावर बसून आली."

५

दांड्यांच्या आत, छातीएवढ्या उंचीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नायलॉनच्या दोरीने फोन बांधला होता. बटणांचा, स्वस्तातला, ज्याचा आवाज कर्णा लावल्यासारखा असतो आणि ज्याची बॅटरी आठवडाभर टिकते. आत सिम नव्हतं. रोज साडेसातचा गजर लावलेला होता.

आम्ही तो सिग्रिडच्या तंबूत नेला, दार लावून घेतलं आणि गजराचा सूर दाबला. एव्हारिस्टची शीळ तंबूभर घुमली. सुरांच्या मध्ये काहीतरी खरखरलं.

सिग्रिडने गजर थांबवला. "हे माझं आहे. जानेवारीत आम्ही वरच्या रानात गेलो होतो. त्याने पाहुण्यांना शीळ घालून बोलावलं, मी ते टिपलं. आणि हा मागे तुराको आहे."

"कोणाकोणाकडे आहे हे?"

"माझ्याकडे. आणि कॅम्पच्या ऑफिसात. डेऊसने मागितलं होतं, जाहिरातीसाठी."

तिने मान वर केली. आपण काय बोललो ते तिला उमगलं, आणि लगेच हेही की आता संशय दोघांवरच उरतो.

"घाबरू नकोस," अफांदे म्हणाल्या. "तू हे वापरलं असतंस तर काय केलं असतंस?"

सिग्रिडने क्षणभर विचार केला. "तुराको पुसून टाकला असता. पहिल्यांदा तोच ऐकू येतो."

"तुला ऐकू येतो. आजीला ऐकू येतो. ज्याने हे लावलं त्याला तीन महिन्यांत एकदाही ऐकू आला नाही. आणि तू साडेसातला एकटी होतीस. जस्टस एकटा होता. खोटी शीळ घालून एकट्या माणसाला काय मिळणार? ती घालायची, तर साडेसातला चारचौघांत बसून घालायची."

मला पेर्पेतुआची बडबड आठवली. "रेडिओ!"

"शीळ येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मुशाहो. रेडिओ मात्र आधी बंद झाला." त्यांनी फोन खिशात टाकला. "पण हे सगळं माझ्या डोक्यात आहे. कोर्टात डोकं काढून दाखवता येत नाही. काल दलदलीत दिवसभर माणसं होती, त्याला फोन काढता आला नाही. आज पुन्हा गेला असेल तर जागेवर बेटच नव्हतं. आता सकाळच्या शिळेने त्याला कळलंय, कुठे बघायचं. आणि जस्टस पकडला गेलाय, म्हणजे तो निश्चिंत आहे. आज दुपारी सगळा काठ वर टेकडीवर असेल, तळं मोकळं असेल. ज्याला हा फोन हवाय तो मातीला थांबणार नाही."

दुपारी तीनला आम्ही धक्क्याजवळ, जस्टस नाव ठेवायचा त्या छपराखाली दडून बसलो. ऊन लख्ख होतं. वरून टेकडीवरून प्रार्थनेचं गाणं पाण्यावर उतरत होतं, शेकडो गळ्यांचं. मी कान देऊन ऐकत होतो. पहिल्या रांगेतला तो खर्जातला आवाज त्यात होता. दुसऱ्या कडव्यालाही होता. तिसऱ्या कडव्याला तो आवाज नव्हता.

मी अफांदेंच्या दंडाला स्पर्श केला. त्यांनी मान हलवली. त्यांनीही ऐकलं होतं.

पंधरा मिनिटांनी होडी आली. तो एकाच बाजूने वल्हं मारत होता आणि पाण्याचा थेंबही वाजत नव्हता. पांढरा शर्ट, काळा टाय. बेटाला होडी टेकवून डेऊस कबागांबे दांडे बाजूला सारू लागला. आधी सावकाश. मग घाईने. मग दोन्ही हातांनी, वेड्यासारखा.

"डेऊस," अफांदे छपराबाहेर आल्या, "हा शोधताय?"

तो ताठ उभा राहिला, होडी हलली. पण तोंडावर हसू आणायला त्याला एक श्वास पुरला.

"न्याबो! मी... शवपेटीवर ठेवायला पपायरसची फुलं घ्यायला आलो होतो."

"वर एव्हारिस्टच्या बांधापर्यंत पपायरस आहे. इतक्या लांब, जस्टसच्या धक्क्याला?"

तो बोलला नाही. अफांदेही बोलल्या नाहीत. वरचं गाणं संपलं. आता नुसतं कुदळींनी माती लोटल्याचं ऐकू येत होतं.

तळ्यावरची ती शांतता सोसवेना, ती त्यालाच.

"तो माझ्याकडेच आला होता," डेऊस म्हणाला. "सोमवारी. म्हणाला, कोणीतरी पिल्लं चोरतंय, मी गुरुवारी पाळत ठेवतो, तू कोणाला सांगू नकोस, एक तुझाच भरवसा आहे." तो हसल्यासारखं करायला गेला, जमलं नाही. "मी म्हटलं, सोड ना. पक्षीच ते. दुसरी घालतील अंडी. तर म्हणाला, यांतली एक जोडी मी नऊ वर्षं ओळखतो."

"आणि तुम्ही त्याला किती वर्षं ओळखत होतात?"

होडीतून धक्क्यावर उतरताना त्याने हात पुढे केला, आधारासाठी, सवयीने. मी तो धरला नाही.

६

कॅम्पच्या पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत, बटाट्याच्या पोत्यांमागे टोपल्या सापडल्या. चार पिल्लं जिवंत होती. बाकीची आधीच कुठल्या कुठे गेली होती, आणि ती ज्याच्याकडे जायची त्या माणसाचं नाव डेऊसने आजवर सांगितलेलं नाही. अफांदे दर महिन्याला तुरुंगात जाऊन त्याच्यासमोर गप्प बसून येतात.

जस्टस सुटला, पण त्या दिवशी दारात आलेल्यांपैकी एकाशीही तो बोलत नाही. फोस्तिन त्याच्याकडे माफी मागायला गेला, तर जस्टसने मोटर चालू केली आणि आवाजात काही ऐकू येत नाही असं दाखवलं. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही.

डेऊसची आई योव्हानिना पलीकडच्या डोंगरावर राहते. मुलाला नेलं त्या दिवसापासून तिच्याशी बाजारात कोणी बोलत नव्हतं. तिचे बटाटे टोपलीत सडून जायचे. पेरणीच्या दिवसांत एका सकाळी मी स्कोव्हियाच्या धाकट्या मुलीला औषध द्यायला गेलो होतो, तेव्हा म्हातारी खांद्यावर कुदळ टाकून बांधावरून वर येताना दिसली. शेजारच्या शेतांतल्या बायका कामं टाकून उभ्या राहिल्या.

योव्हानिना थांबली नाही. शेताच्या खालच्या टोकाला जाऊन तिने पदराची गाठ कमरेला आवळली आणि खणायला लागली. एव्हारिस्ट असता तर जे खणलं असतं ते.

स्कोव्हिया दारातून बघत होती. मला वाटलं, आता दगड उचलेल. मी उठलोसुद्धा. पण तिने मुलगी माझ्याकडे दिली, स्वतःची कुदळ घेतली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. दोघी दोन बाजूंनी खणत राहिल्या. ऊन डोक्यावर आलं. मी औषध देऊन कधीच मोकळा झालो होतो, पण पाय निघत नव्हता.

दुपारी दोघींच्या मध्ये हातभर माती उरली. म्हातारीने ती खणली. मग कुदळीवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून ती उभी राहिली. काहीही येईल ते घ्यायला तयार असल्यासारखी.

स्कोव्हियाने कपाळावरचा घाम पुसला. नवरा गेल्यापासून मी तिचा इतका कोरडा आवाज ऐकला नव्हता.

"वरचा तुकडा राहिलाय," ती म्हणाली. "उद्या लवकर या."